तांग सान्त्साय (चिनी त्रिरंगी मृत्तिकाशिल्पे)

चीनमध्ये तांग राजवटीत (६१८–९०७) घडवलेली, शिसेयुक्त रंगीत झिलईची मातीची भांडी आणि मूर्ती. सान्त्साय म्हणजे तीन रंग : पिवळसर तपकिरी, हिरवा आणि दुधी पांढरा. ही संख्या काटेकोर नाही. काही वस्तूंवर दोनच रंग आढळतात, तर काहींवर निळाही दिसतो. निळ्यासाठी लागणारे कोबाल्ट महाग होते, त्यामुळे तो हात राखून वापरलेला असतो. हे नाव तांग काळातले नाही, आधुनिक अभ्यासकांनी रूढ केलेले आहे.

शिशाची हिरवी किंवा तपकिरी झिलई चीनमध्ये हान राजवटीच्या काळापासून (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) माहीत होती. तांग कुंभारांनी एकाच वस्तूवर अनेक रंग एकत्र आणले. हनान प्रांतातील गोंगयी आणि शेन्शी प्रांतातील थोंगछ्वान येथे या भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. मूर्तीचे भाग फिकट मातीतून, साच्यात दाबून वेगवेगळे काढले जात आणि पातळ कालवलेल्या मातीने जोडले जात. पहिली भाजणी सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सियसला होई. त्यानंतर झिलई लावून दुसरी भाजणी, ती मात्र ८०० ते ९०० अंशांनाच, कारण शिशामुळे झिलई कमी तापमानाला वितळते. झिलईत तांबे असले की हिरवा रंग येतो, लोह असले की पिवळा ते तपकिरी.

वितळलेली झिलई खाली ओघळते आणि शेजारचा रंग आपल्यात ओढून घेते. एरवी हा दोषच ठरला असता. सान्त्सायचे सारे सौंदर्य मात्र या ओघळांत आहे. घोड्याच्या मानेवरून उतरणारा तपकिरी रंग खोगिराच्या हिरव्यात शिरतो आणि दोन घोडे कधीच सारखे निघत नाहीत. काही ठिकाणी मेण लावून पांढरे ठिपके राखले जात. म्हणजे कुठे रंगाला मोकळे सोडायचे आणि कुठे अडवायचे, याची जाण कारागिरांना पक्की होती. माणसांचे चेहरे पाहिले की हे पटते. झिलई ओघळली तर डोळे, भुवया, ओठ पुसट होतील, म्हणून बहुतेक मूर्तींचे चेहरे झिलईविना ठेवत आणि भाजणीनंतर रंगवत. हे वरून दिलेले रंग आज पुष्कळदा उडालेले असतात. त्यामुळे चकाकत्या अंगरख्यावर कोरा, मातकट चेहरा असे विलक्षण दृश्य दिसते. पूर्वी त्याच चेहऱ्यावर काळ्या भुवया आणि लाल ओठ होते, हे लक्षात ठेवूनच या मूर्ती पाहायला हव्यात.

या वस्तू प्रामुख्याने थडग्यांत ठेवण्यासाठी केल्या जात. मृत व्यक्तीसोबत घोडे, उंट, सेवक, दरबारी स्त्रिया, अधिकारी आणि राक्षसी चेहऱ्याचे रक्षक पुरले जात. कोणी किती मूर्ती ठेवाव्यात याचेही नियम होते (पहिली श्रेणी सर्वांत वरची) : तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्यांना ९०, पाचवीपर्यंत ६० आणि नववीपर्यंत ४०. ७२८ मध्ये मरण पावलेल्या ल्यू थिंगश्युन या सेनानीच्या थडग्यातील मानला जाणारा संच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातील मोठ्या मूर्ती सुमारे एक मीटर उंच आहेत.

सर्वांत प्रसिद्ध मूर्ती मात्र उंटांच्या आहेत. १९५७ मध्ये शीआनजवळ श्यानयू थिंगहुई (मृत्यू ७२३) याच्या थडग्यात वादकांना पाठीवर घेतलेला उंट मिळाला. १९५९ मध्ये शीआन परिसरातच आणखी एक उंट सापडला. त्याच्या पाठीवरच्या मंचावर सात वादक कडेने बसले आहेत आणि मधोमध एक स्त्री उभी आहे. आठ माणसांचे ओझे घेऊनही उंट मान उंचावून उभा आहे. प्रत्यक्षात असा उंट चालला नसता, ही शिल्पकाराची कल्पना. पण पहिल्या उंटावरचे दाढीवाले मध्य आशियाई वादक काल्पनिक नव्हते. तेव्हाच्या छांगआन (आजचे शीआन) नगरीत रेशीममार्गाने आलेले परदेशी व्यापारी आणि कलावंत नेहमीच दिसत.

सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्याच्या मध्यापर्यंत ही कला भरात होती. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीचे बंड झाले, छांगआन आणि लोयांग या दोन्ही राजधान्यांची वाताहत झाली आणि थडग्यांतील असा थाटमाट ओसरला. पुढे उत्तरेकडील ल्याव राजवटीत (दहावे ते बारावे शतक) त्रिरंगी झिलईची परंपरा वेगळ्या रूपात चालू राहिली. जपानमध्येही तिच्यावरून नारा काळात (आठवे शतक) स्थानिक त्रिरंगी भांडी होऊ लागली. नारा येथील शोसोइन भांडारात ती आजही जपलेली आहेत.

चीनमध्ये मात्र या मूर्ती दीर्घकाळ जमिनीखालीच विस्मृतीत राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी खायफंग–लोयांग लोहमार्गाचे काम चालू असताना लोयांगजवळच्या मांगशान टेकड्यांतील थडगी उघडी पडली आणि मूर्ती पेइचिंगच्या (बीजिंग) बाजारात पोहोचल्या. लो झन्यू आणि वांग क्वोवेई या विद्वानांनी त्यांचे मोल ओळखले. मागणी वाढली तशा नकलाही आल्या. आता मातीचा नमुना काढून तो शेवटी केव्हा भाजला गेला हे तापदीप्ती पद्धतीने (नमुना तापवल्यावर निघणारा मंद प्रकाश मोजून) तपासता येते. लोयांगजवळच्या नानशीशान गावात कारागीर आजही या पद्धतीच्या मूर्ती घडवतात आणि उघडपणे प्रतिकृती म्हणून विकतात.