विकर कारखान्यात टिकत नाहीत, हा समज चुकीचा आहे

विकर म्हणजे एन्झाइम केवळ पाण्यात, सौम्य वातावरणात आणि निसर्गाने नेमून दिलेल्या पदार्थांवरच काम करतात, त्यामुळे औषधांसाठी लागणारी अमाईने (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगे) मोठ्या प्रमाणावर बनवण्यास ते निरुपयोगी आहेत, असे अनेक वर्षे सांगितले जाते. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या औषधाच्या निर्मितीने हा समज खोडून काढला आहे.

पूर्वी या औषधातील अमाईन गट ऱ्होडियम हा दुर्मीळ धातू आणि उच्च दाबाचा हायड्रोजन वापरून तयार केला जात असे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी त्याऐवजी ट्रान्सअमिनेज हे अमाईन गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारे विकर निवडले. मूळ विकर या औषधाच्या कीटोनवर, म्हणजे ज्यापासून औषध बनते त्या पूर्वपदार्थावर, मुळीच काम करत नव्हते, आणि समजातील सत्यांश तेवढाच आहे. मात्र विकराची रचना टप्प्याटप्प्याने बदलत, प्रत्येक फेरीत सरस ठरलेली रूपे निवडत गेल्यावर जे विकर हाती आले, ते ४० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला, निम्मे डायमिथाइल सल्फॉक्साइड हे सेंद्रिय द्रावक असलेल्या मिश्रणात, लिटरमागे २०० ग्रॅम कीटोनचे रूपांतर करू लागले. अमाईन गट स्वस्त आयसोप्रोपिलअमाईनकडून मिळतो आणि मागे अॅसिटोन उरते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि जड धातूंची गरज संपली. ही प्रक्रिया कचरामुक्त आहे असे मात्र म्हणता येणार नाही, कारण सेंद्रिय द्रावके आजही लागतात.