३० टक्के शब्द बदलले की उतारा आपला होतो?

'मूळ मजकुरातले ३० टक्के शब्द बदला, मग ती चोरी ठरत नाही,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आकडा कधी २०, कधी ४० असतो. तसा सर्वमान्य नियम कुठेच नाही.

समजा, मूळ वाक्य असं आहे: 'नद्या खडकांतले क्षार समुद्रात आणतात, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात.' त्याचं कोणी केलं: 'सरिता पाषाणांतील लवण सागरात आणतात, जलाचे बाष्प होते, लवण मागे उरते.' निम्म्याहून जास्त शब्द बदलले (आणि भाषा उगाच जड झाली), पण क्रम आणि बांधणी तीच. उचल म्हणतात ती हीच. इथली माहिती सर्वज्ञात आहे, तिला संदर्भ नसला तरी चालतं. एखाद्याचा खास निष्कर्ष, युक्तिवाद किंवा त्याने जमवलेली आकडेवारी मात्र पूर्णपणे स्वतःच्या शब्दांत मांडली तरी स्रोत सांगावाच लागतो.

गैरसमज बहुधा तपासणीच्या सॉफ्टवेअरमुळे टिकला असावा. ते टक्के दाखवतं, पण ते फक्त जुळणाऱ्या मजकुराचे. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला उताराही त्यात मोजला जाऊ शकतो. उलट, शब्द बदलून घेतलेली कल्पना निसटू शकते.

स्वतः तपासायचं असेल तर मूळ पान बंद करून, समजलेलं लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवा. वाक्यांचा क्रम, उदाहरणं, वळणं जुळत असतील तर पुन्हा लिहा, नाहीतर सरळ अवतरणचिन्हांत टाका. स्रोताचं नाव दोन्ही वेळा हवंच.