जनमत कौल आणि निवडणुकीचा कौल: गोव्याने १९६७ साली दिलेली दोन उत्तरे

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. त्याला अडीच महिनेही झाले नव्हते, तोच मार्चअखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा आग्रह धरणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच (मगो) पुन्हा सत्तेवर आला. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदार तेच, गाव तेच, मग निकाल उलटा कसा? मतदार गोंधळले होते, असे उत्तर अजूनही ऐकू येते. ते चुकीचे आहे. लोकांना दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी दोन्हींची नीट उत्तरे दिली. गोंधळ होतो तो आपला, कारण दोन्हींना आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो.

जनमत कौलाच्या मतपत्रिकेवर एकाही उमेदवाराचे नाव नव्हते. फूल आणि दोन पाने, एवढीच चिन्हे. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळे राहणे. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. फरक ३४,०२१ मतांचा. ही मोजदाद संपूर्ण गोव्याची एकत्र धरायची होती. पेडण्यात फूल पुढे आणि सासष्टीत पाने पुढे, म्हणून पेडण्याचा निकाल वेगळा, असा प्रकार नव्हता.

निवडणुकीत मात्र प्रत्येक मतदारसंघाचा हिशेब वेगळा. तिथे एका शिक्क्यात माणूस दहा गोष्टी सांगत असतो. १९६७ च्या मार्चमध्ये मगोला मत देणाऱ्याच्या मनात गावात नव्याने उघडलेली मराठी प्राथमिक शाळा असेल, १९६४ चा कुळ कायदा असेल, भाटकारापुढे (जमीनदारापुढे) ताठ उभे राहण्याची सोय असेल. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब (बांदोडकर) हवेत, असे म्हणणाऱ्याला मगोला मत देण्यात काहीच अडचण नव्हती. विलीनीकरणाचा प्रश्न तर जानेवारीतच निकाली निघाला होता.

मुळात जनमत कौल घ्यावा लागला, तोच या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत मगो जिंकला. त्याचा अर्थ विलीनीकरणाला संमती, असे पक्षाने मानले आणि विधानसभेत तसा ठरावही झाला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे होते की सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणे वेगळे. त्यासाठी लोकांना थेट विचारा. हा युक्तिवाद पक्का होता. अखेर १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला, आणि सत्तेचा वापर झाल्याचा आरोप राहू नये म्हणून बांदोडकर सरकार आधीच पायउतार झाले. केंद्र सरकारच्या देखरेखीखाली मतदान झाले.

आता निवडून आलेल्यांच्या कर्तव्याकडे येऊ. भारताच्या संविधानात सार्वमताची तरतूदच नाही. राज्ये जोडणे, तोडणे हा अनुच्छेद ३ खाली संसदेचा अधिकार. म्हणजे १९६७ चा कौल कायद्याच्या भाषेत सल्लाच होता. फूल जिंकले असते तरी गोवा दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात गेला नसता. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक, महाराष्ट्र विधिमंडळाचे मत मागवणे, दोन्ही सभागृहांत मंजुरी, एवढा प्रवास बाकी राहिला असता. पाने जिंकली, त्यामुळे कोणाला काहीच करावे लागले नाही. ‘आहे तसे राहू दे’ हे उत्तर नेहमी सोपे. ‘बदला’ हे उत्तर आले की लोकप्रतिनिधींची खरी परीक्षा सुरू होते.

ब्रिटनचे उदाहरण इथे कामाला येते. मतदानपद्धत बदलायची का, या २०११ च्या सार्वमताच्या कायद्यातच लिहिले होते की होकार आला तर मंत्र्याने नवी पद्धत लागू केलीच पाहिजे. लोकांनी नकार दिला, विषय संपला. २०१६ च्या युरोपीय संघाबाबतच्या सार्वमताच्या कायद्यात असे कलमच नव्हते. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली. पण बाहेर पडायचे ते कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर विचारलेच नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसदेने कायदा केल्याशिवाय सरकारला प्रक्रिया सुरू करता येणार नाही. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. साडेतीन वर्षांचा तो घोळ मतदारांनी घातला नव्हता. प्रश्न अर्धवट विचारणाऱ्यांनी घातला होता.

देवळात प्रसाद लावताना, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवाचा कौल मागताना, गाऱ्हाणे घालणारा प्रश्न एकच आणि सरळ ठेवतो. उजवी पाकळी पडली तर अमुक, डावी पडली तर तमुक, हे आधी बोलून घेतो, मगच पाकळीकडे डोळे लावतो. सार्वमताच्या कायद्यातही हेच आधी पाहावे: प्रश्नाचे नेमके शब्द, होकारासाठी किती मते लागतील, निकालानंतर कोणी, किती दिवसांत काय करायचे. हे लिहिलेले असेल तर आमदार-खासदाराचे काम अंमलबजावणीचे. लिहिलेले नसेल तर निर्णय त्याच्या मतावर राहतो. तो वेगळे मत देऊ शकतो, पण लोकांसमोर उभे राहून कारण सांगणे त्याला टाळता येत नाही.

आज आपल्याकडे असा कौल झाला तर आणखी एक पेच आहे, जो १९६७ साली नव्हता. १९८५ पासून संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, लागू आहे. पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मत दिले आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. सल्लागार कौल मोडला तर कायद्याने काहीच होत नाही. आपल्या मतदारसंघाने एक सांगितले आणि पक्षाने दुसरे, तर कायदेशीर टाच फक्त दुसरीकडे आहे. ही तफावत मला गंभीर वाटते, आणि तिच्यावर उपाय एकच दिसतो: कौलाच्या कायद्यातच निकाल बंधनकारक करणे.

कौलाची मुदत किती, हाही प्रश्न वारंवार येतो. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. संघप्रदेश राहावा असे लोकांनी सांगितले असताना हे कसे, असे काही जण विचारतात. १९६७ च्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. स्वतंत्र राज्याचे चिन्ह तिच्यावर नव्हतेच. त्यामुळे संसदेने गोव्याला राज्य केले तेव्हा जो पर्याय लोकांनी नाकारला होता, तो विलीनीकरणाचा, त्याला हात लागला नाही. दमण आणि दीव संघप्रदेशच राहिले.