निलक्कलचा क्रूस आणि डोंगरातली जमीन

शबरीमलाला जाऊन आलेल्या महाराष्ट्रातल्या भाविकांना निलक्कल आठवतं ते गाड्यांच्या तळामुळे. २०१८च्या महापुराने पंपेकाठच्या तळाची वाताहत केली. तेव्हापासून खासगी गाड्या निलक्कलला लावायच्या आणि पुढचे वीसेक किलोमीटर केरळ एसटीच्या बसने जायचं, अशी पद्धत पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या निकालानंतर, आंदोलकांनी गाड्या अडवल्या त्याही इथेच. पण केरळच्या राजकारणात या जागेचं नाव पहिल्यांदा गाजलं ते त्याच्या पस्तीस वर्षं आधी, १९८३ साली, आणि कारण होतं एक चर्च. केरळच्या डोंगरात एखाद्या क्रूसावरून आजही वाद पेटला की निलक्कलचा विषय निघतोच. तो वाद दोन धर्मांचा होता, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. त्याखाली जमिनीचा जो जुना प्रश्न होता, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून ही पार्श्वभूमी.

२४ मार्च १९८३. पत्तनंतिट्टा जिल्हा होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. निलक्कलच्या महादेव मंदिराजवळ, सरकारी शेती महामंडळाच्या मळ्यात, एक दगडी क्रूस सापडल्याचं तिथल्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी जाहीर केलं. संत थॉमसने इथे स्थापन केलेल्या चर्चचा हा अवशेष आहे, असा त्यांचा दावा होता. क्रूस तिथेच उभा करून, वर तात्पुरतं छप्पर घालून प्रार्थना सुरू झाल्या, लांबून लोक येऊ लागले. थोड्याच दिवसांत त्या जागी चर्च बांधायला जमीन द्यावी, अशी मागणी झाली.

निलक्कलच का, हे समजायला थॉमसची परंपरा ठाऊक हवी. येशूचा शिष्य थॉमस इ.स. ५२ मध्ये मुझिरिसला, म्हणजे कोडुंगल्लूरच्या किनाऱ्याला उतरला आणि त्याने सात चर्च स्थापन केली, ही केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. कोडुंगल्लूर, पालयूर, परवूर, कोक्कमंगलम, निरणम आणि कोल्लम ही सहा ठिकाणं समुद्र, खाडी किंवा नदीच्या आसपासची. सातवं तेवढं घाटात, जंगलात: निलक्कल ऊर्फ चायल. मदुरैकडे, पांड्यांच्या मुलखात जाणारी व्यापाराची वाट या डोंगरांतून जायची, त्यामुळे इथे कधीकाळी ख्रिश्चन व्यापाऱ्यांची वस्ती असणं अशक्य नाही. कांजिरप्पळ्ळीकडची काही जुनी घराणी आपलं मूळ निलक्कललाच सांगतात. धाडी आणि लुटालूट वाढल्यावर पूर्वज डोंगर उतरून खाली आले, अशी त्यांच्या घरातली कथा आहे. बाकीच्या सहा जागी चर्च होतंच. सातव्या जागी काहीच उरलेलं नव्हतं. ही रुखरुख खरी होती आणि १९८३मध्ये इतक्या वेगाने इतके लोक गोळा झाले त्यामागे तीच होती, असं मला वाटतं.

पण वस्ती असणं वेगळं आणि हा क्रूस थॉमसच्या हातचा असणं वेगळं. पहिल्या शतकात क्रूस हे ख्रिश्चनांचं पूजाचिन्ह झालेलंच नव्हतं. ते सर्वत्र रूढ झालं चौथ्या शतकापासून पुढे. केरळात पहलवी लिपीतले लेख असलेले जे जुने दगडी क्रूस आहेत, तेही अभ्यासक साधारण सातव्या ते नवव्या शतकातले मानतात. म्हणजे निलक्कलचा दगड जुना ठरला असता तरी थॉमसपर्यंत पोचत नव्हता. हे दोन प्रश्न त्या काळात वेगळे ठेवले गेले असते, तर निदान बोलणी सोपी झाली असती. तसं झालं नाही. एका बाजूने क्रूसाला १९०० वर्षांचा पुरावा मानलं, तर दुसऱ्या बाजूने तो आदल्या रात्री आणून ठेवलेला ठरवला.

भाषेनेही गोंधळात भर घातली. निलक्कलला पळ्ळियरक्काव नावाचं देवीचं स्थान आहे. ‘काव’ म्हणजे आपल्याकडची देवराई. ‘पळ्ळी’ म्हणजे मात्र आज मल्याळममध्ये चर्च किंवा मशीद. शब्द त्याहून जुना आहे. बौद्ध-जैनांच्या स्थानांनाही तो लावला जाई, आणि राजाच्या किंवा देवाच्या संदर्भात आदरार्थी उपसर्गासारखाही येतो. ‘पळ्ळियरा’ म्हणजे शेजघर. त्यामुळे नावात ‘पळ्ळी’ आहे म्हणून इथे चर्च होतं, असं म्हणता येत नाही.

हिंदूंच्या बाजूने पाहिलं तर निलक्कल हा शबरीमलाच्या देवाच्या, अय्यप्पाच्या अठरा डोंगरांपैकी एक, देवाच्या पूंकावनाचा, म्हणजे फुलबागेचा भाग. आणि मनात एक जुनी जखम होती. १९५० साली शबरीमलाचं मंदिर जळालं. आग लावलेली होती असा निष्कर्ष चौकशीत निघाला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. जंगल तोडून शेती करणाऱ्या ख्रिश्चन अतिक्रमकांचं हे काम, असा समज तेव्हापासून पसरलेला होता. ज्यांनी ती आग ऐकली-पाहिली होती, ती माणसं १९८३मध्ये पन्नाशी-साठीत होती. मंदिराच्या वाटेवर चर्च येणार म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते समजू शकतं.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. शबरीमलाची परंपरा इतर धर्मांना दूर ठेवणारी कधीच नव्हती. एरुमेलीला वावराच्या, म्हणजे अय्यप्पाच्या मुस्लिम सख्याच्या, मशिदीत जाऊन मग डोंगर चढायचा हा रिवाज आजही आहे. आलप्पुळाजवळ अर्तुंगलच्या चर्चमध्ये जाऊन कितीतरी अय्यप्पाभक्त व्रताची माळ उतरवतात. तिथला ‘वेळुत्तच्चन’, म्हणजे गोरा पाद्री, हा अय्यप्पाचा सखा, असं लोककथा सांगते. चर्चबद्दल वैर नसलेल्या भक्ताला चर्चची भीती का वाटली, याचं उत्तर धर्मात शोधून सापडत नाही. ते कुडियेट्टममध्ये सापडतं.

कुडियेट्टम म्हणजे स्थलांतर करून नवी वसाहत करणं. मध्य त्रावणकोरमधल्या सखल भागात जमीन अपुरी पडू लागली होती. त्यात दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि त्रावणकोरमध्ये अन्नाची भीषण टंचाई आली. तेव्हा सरकारनेच जंगलजमिनी ‘कुत्तकपाट्टम’ नावाच्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने अन्नधान्यासाठी खुल्या केल्या. धान्य पिकवा, असा सरकारी आग्रह होता. माणसं बायकापोरांसह डोंगरात शिरली. मलेरिया, रानडुकरं, हत्ती यांना तोंड देत त्यांनी कप्पा, म्हणजे आपल्याकडचं साबुकंद लावलं, मग मिरी, मग रबर. त्यांत सीरियन ख्रिश्चनांचा भरणा मोठा होता, पण ईळव आणि नायर या हिंदू जातींचे लोकही होतेच.

त्या रानात ना शाळा होती, ना दवाखाना, ना रस्ता. पाद्री आला, गवताच्या छपराचं चर्च झालं, त्याला लागून शाळा झाली, मग गाव झालं. डोंगरमाथ्यावर क्रूस रोवून गुड फ्रायडेला त्याच्यापर्यंत चढत जायचं, म्हणून कितीतरी डोंगरांना ‘कुरिशुमला’, क्रूसाचा डोंगर, हे नाव पडलं. वसाहतकऱ्यांसाठी तो क्रूस देवाचा तर होताच, पण आम्ही इथे आहोत याची खूणही होता. हातात पट्टयम, म्हणजे मालकीचा सरकारी कागद नसलेल्या माणसाला ती खूण किती मोलाची वाटत असेल!

कारण सरकारने ज्यांना बोलावलं, त्यांनाच पुढे हुसकावलं. १९६१मध्ये इडुक्की धरणासाठी अय्यप्पनकोविलच्या हजारो माणसांना पोलिसांकरवी उठवून कुमिळीजवळच्या अमरावतीला भर पावसात आणून सोडलं. त्याविरुद्ध ए. के. गोपालन तिथे उपोषणाला बसले. कम्युनिस्ट गोपालन आणि कम्युनिस्टविरोधी म्हणून नावाजलेले पाद्री वडक्कन या एका प्रश्नावर एकत्र आले. पुढे १ जानेवारी १९७७ ही तारीख ठरली: तिच्या आधीची वनजमिनीवरची वहिवाट नियमित करायची, नंतरची नाही. त्यासाठीचे विशेष नियम यायला १९९३ साल उजाडलं. मधल्या काळात १९८०चा वनसंरक्षण कायदा आला आणि वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी सक्तीची झाली.

आता १९८३कडे परत. के. करुणाकरन मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या आघाडीत केरळ काँग्रेस या वेगळ्या प्रादेशिक पक्षाचे गट होते, ज्यांचा आधार हाच डोंगरी शेतकरी. सरकारने आधी मंदिराच्या परिसरातच सुमारे एक हेक्टर जमीन चर्चला देऊ केली. ठिणगी पडायला एवढं पुरेसं होतं. निलक्कल कृती समिती स्थापन झाली, कुम्मनम राजशेखरन तिचे निमंत्रक. संघ परिवारातल्या संघटना, हिंदू संन्यासी आणि त्यांच्या मागे एरवी राजकारणात न पडणारे भाविक रस्त्यावर आले. नामजप करणाऱ्यांवर लाठीमार झाला, अटका झाल्या. ख्रिश्चन बाजूही एकसंध नव्हती. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, जॅकोबाइट, मार थोमा या पंथांमध्ये आपसातच न्यायालयात जाण्याइतके जुने तंटे होते. जागा मंदिराला खेटून नसावी, असं म्हणणारे आवाजही त्यांच्यात होते.

शेवटी हिंदू आचार्य आणि बिशप एकमेकांशी बोलले, आणि ऑगस्टमध्ये तडजोड झाली. मंदिराजवळची जागा सोडायची आणि काही किलोमीटरवर, आंगमूळीच्या बाजूला चर्च बांधायचं. १९८४मध्ये तिथे सेंट थॉमस एक्युमेनिकल चर्च उभं राहिलं. वेगवेगळ्या पंथांनी मिळून बांधलेलं आणि मिळून चालवलेलं, असं ते चर्च आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारे पंथ एका छताखाली आले, हे मोठंच. रक्तपाताच्या उंबरठ्यावरून दोन्ही समाज मागे फिरले, हे त्याहून मोठं. या तडजोडीचं कौतुक मनापासून करायला हवं.

तरीही ती वाचताना एक गोष्ट मला खुपते. चर्च मंदिरापासून दूर सरकलं, पण सरकलं ते जंगलाच्याच दुसऱ्या तुकड्यावर. जमीन कुणाची, ती कोण कुणाला देतोय, हा प्रश्न बैठकीत आलाच नाही म्हणावं लागेल. मंदिर आणि चर्च यांच्यात अंतर किती असावं, एवढ्याचाच निकाल लागला. पुढे २००५मध्ये शेती महामंडळाची निलक्कलची शंभराहून अधिक हेक्टर जमीन शबरीमलाच्या तळासाठी देवस्वोम मंडळाकडे, म्हणजे मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे आली. व्याघ्र प्रकल्पाच्या उशाला लाखोंची वर्दळ सुरू झाली. श्रद्धा कुठलीही असो, तिच्या बांधकामाचा भार शेवटी त्याच रानावर पडतो.

आणि ज्यांना विचारलंच गेलं नाही, ते मलअरयर. या डोंगरांतली ही आदिवासी जमात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चर्च मिशनरी सोसायटीचे (सीएमएस) मिशनरी हेन्री बेकर यांनी त्यांच्यात काम केलं, शाळा काढल्या. बरेच जण ख्रिश्चन झाले, बरेच हिंदू राहिले. शबरीमलाचं मंदिर मूळ आमचं, समोरच्या पोन्नंबलमेडू डोंगरावर मकरसंक्रांतीची मकरज्योत आमचेच पूर्वज लावायचे, असं त्यांच्यातले हिंदू आजही सांगतात. त्यांचं म्हणणं इतिहासात किती टिकेल हा वेगळा विषय. पण अठरा डोंगरांवर वाद चालला असताना त्या डोंगरांवरच राहणाऱ्यांना बैठकीत जागा नसावी, हे मला अन्यायाचं वाटतं.

निलक्कलचे राजकीय परिणाम लांबवर गेले. १९८४च्या लोकसभा निवडणुकीत तिरुवनंतपुरमला हिंदू मुन्नणी या हिंदुत्ववादी संघटनेच्या उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली. केरळात हे नवीन होतं. राजशेखरन पुढे भाजपचे प्रदेशाध्यक्ष आणि मिझोरमचे राज्यपाल झाले.

जमिनीचा प्रश्न मात्र पुन्हा वर आला तो एका मराठी माणसाच्या अहवालाने. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यात ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, असं स्वच्छ लिहिलं होतं. इडुक्कीत पोचला तो ‘तुमची घरं जाणार’ या अफवेच्या रूपात. तिथे गाडगीळांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली गेली, पाद्रीही तीत चालले. कस्तुरीरंगन समितीने केरळातली १२३ गावं संवेदनशील ठरवल्यावर नोव्हेंबर २०१३मध्ये तामरशेरीला वनखात्याचं कार्यालय जाळण्यात आलं. १९६१ची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांची भीती खोटी म्हणवत नाही. पण तिच्या आडून दगडखाणी आणि रिसॉर्टवाल्यांनी आपलं साधून घेतलं, हेही तितकंच खरं.

२० एप्रिल २०१७ला मुन्नारजवळ पापात्तिच्चोलाला सरकारी जमिनीवरचा भला मोठा क्रूस महसूल खात्याने पहाटे जाऊन पाडला. तिथे ना गाव होतं ना शेतकरी, होती ती भोवतालची बळकावलेली जमीन. क्रूस अतिक्रमणाची ढाल होऊ नये, असं यावेळी काही धर्मगुरूंनीच जाहीरपणे म्हटलं. मुख्यमंत्री पिनराई विजयन मात्र क्रूस पाडण्याच्या पद्धतीवर नाराज झाले. त्याच वर्षी बोनक्काडला, अगस्त्यमलेच्या रानात, क्रूस फोडले गेले. तिथे मात्र कित्येक दशकं यात्रा चालत आलेली होती, त्यामुळे पुढच्या जानेवारीत यात्रेकरू आणि पोलीस समोरासमोर आले. पापात्तिच्चोला आणि बोनक्काड यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या तोंडावर, इडुक्की जिल्ह्यातल्या तोम्मनकुत्तूला पॅरिशने, म्हणजे तिथल्या चर्चच्या मंडळीने उभारलेला क्रूस वनखात्याने उपटून नेला. गुड फ्रायडेला लोक क्रूस घेऊन त्याच जागेकडे चालत निघाले. वनखातं म्हणतं, जमीन राखीव वनाची. पॅरिश म्हणते, आमच्या माणसांची वहिवाट १९७७च्या आधीची आहे.