झीझी टॉपचे दोन संग्रह, दोन वेगळे बँड

१९९२ च्या एप्रिलमध्ये वॉर्नर ब्रदर्सने झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह बाजारात आणला. एकूण १८ गाणी. बँड १९६९ चा, म्हणजे हाताशी दोन दशकांहून जास्त काळाचा माल होता. पण सत्तरच्या दशकातल्या पहिल्या पाच अल्बमांपैकी या यादीत जागा मिळाली फक्त दोन गाण्यांना: ‘टश’ आणि ‘ला ग्रेंज’. बाकीचं सगळं १९७९ पासून पुढचं. एकट्या ‘एलिमिनेटर’ अल्बममधली चार गाणी आहेत.

असं का झालं, हे कळायला १५ वर्षं मागे जावं लागतं.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा गिटारिस्ट बिली गिबन्स, त्याच्या जोडीला बेसवर डस्टी हिल आणि ड्रम्सवर फ्रँक बियर्ड. गिबन्सचा आधीचा बँड जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमांत सुरुवातीला वाजवून आलेला; हिल आणि बियर्ड तर ‘अमेरिकन ब्लूज’ याच नावाच्या बँडमधून आलेले. लंडन रेकॉर्ड्स या कंपनीकडे त्यांचा पहिला अल्बम १९७१ मध्ये निघाला. १९७३ च्या ‘त्रेस होम्ब्रेस’ अल्बमने नाव झालं आणि १९७५ मध्ये ‘टश’ बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २० व्या क्रमांकापर्यंत गेलं. मग निघाला तो प्रचंड दौरा. टेक्सासच्या नकाशाच्या आकाराचा रंगमंच, आणि त्यावर खरोखरची जनावरं: लांब शिंगांचा बैल, गवा, गिधाडं, खुळखुळे साप. दौरा १९७७ मध्ये संपला आणि तिघेही थकून घरी गेले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये लंडन रेकॉर्ड्सने ‘द बेस्ट ऑफ झीझी टॉप’ काढला. नवा अल्बम नाही, बँड सुट्टीवर, आणि दुकानातलं कपाट रिकामं ठेवणं कोणत्याच कंपनीला परवडत नाही. गाणी अवघी १०. पण निवड करणाऱ्याचा कान चांगला होता. ‘वेटिन फॉर द बस’ संपतं न संपतं तोच ‘जीझस जस्ट लेफ्ट शिकागो’ सुरू होतं. मूळ अल्बममध्ये या दोन गाण्यांच्या मधे श्वास घ्यायलाही जागा नाही, आणि संग्रहातही ती तशीच लागोपाठ ठेवली आहेत. ‘ब्लू जीन ब्लूज’सारखं संथ, रडवेलं गाणंही आहे, जे कुठल्याही अर्थाने ‘हिट’ नव्हतं. माझ्या मते या बँडची खरी ओळख करून घ्यायला आजही हीच तबकडी पुरते.

सुट्टी लांबली. परतले तेव्हा गिबन्स आणि हिल या दोघांच्याही छातीपर्यंत दाढ्या आल्या होत्या, आणि एकमेकांना न सांगता वाढवल्या होत्या असं ते सांगत. कंपनीही बदलली होती. १९७९ चा ‘दगेयो’ वॉर्नरकडून आला. १९८१ मध्ये एमटीव्ही ही गाण्यांच्या व्हिडिओंची वाहिनी सुरू झाली आणि १९८३ च्या ‘एलिमिनेटर’ने तिचा पुरेपूर फायदा उठवला. व्हिडिओंत १९३३ ची लाल फोर्ड गाडी, गाण्यांत सिंथेसायझर, घड्याळासारखी ठोके देणारी लय. अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. बँडच्या मुळाशी असलेला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत, संपला नव्हता, पण तो आता चकचकीत रंगाखाली होता.

१९८७ मध्ये तर हद्द झाली. जुने अल्बम सीडीवर आणताना पहिल्या पाचांवर ऐंशीच्या दशकातल्या धाटणीचे, घुमणारे ड्रम्स चढवले गेले. ‘त्रेस होम्ब्रेस’ आणि ‘फँडँगो’ मूळ रूपात सीडीवर मिळायला २००६ साल उजाडलं. १९९२ चा संग्रह या मधल्या काळातला आहे हे विसरून चालत नाही. शिवाय तो बँड वॉर्नर सोडण्याच्या सुमाराचा. पुढचा अल्बम, १९९४ चा ‘अँटेना’, आरसीए या दुसऱ्या कंपनीकडून आला. म्हणजे दोन्ही संग्रह बँडने बिऱ्हाड बदलताना निघालेले, आणि दोन्ही वेळा जुन्या मालकाने मुख्यतः आपल्याच काळातला माल पुढे मांडला. १९९२ च्या तबकडीवर एल्व्हिसच्या ‘व्हिवा लास व्हेगास’ची नवी आवृत्तीही टाकली, म्हणजे जुन्या चाहत्यालाही खिशात हात घालावा लागावा.

दोन्हीकडे असलेलं ‘ला ग्रेंज’ मात्र नीट ऐकण्यासारखं आहे. दबकी गिटार, ड्रमच्या कडेवर काठीची टकटक, वर गिबन्सचं घशातल्या घशात पुटपुटणं, आणि मग एकदम सगळा बँड अंगावर येतो. विषय टेक्सासमधल्या ला ग्रेंज गावाबाहेरचा ‘चिकन रँच’ हा कुंटणखाना. टीव्ही वार्ताहर मार्व्हिन झिंडलरच्या बातम्यांनंतर तो १९७३ च्या ऑगस्टमध्ये, हे गाणं असलेला ‘त्रेस होम्ब्रेस’ बाजारात आल्यावर काही दिवसांतच, बंद झाला.

चालीचा उगम त्याहून जुना. ब्लूज गायक जॉन ली हुकरने १९४८ मध्ये डेट्रॉइटमध्ये ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केलं, त्याचा निर्माता बर्नार्ड बेसमन. ‘ला ग्रेंज’ ऐकल्यावर नव्वदच्या दशकात बेसमनच्या ला सिएनेगा म्युझिक या कंपनीने बँडला कोर्टात खेचलं. १९९५ मध्ये अपील कोर्टाने साम्य किती याचा निवाडाच केला नाही. तबकडी विकली गेली त्या दिवशीच गाणं प्रकाशित झालं, कॉपीराइटचं मुदतीत नूतनीकरण झालं नाही, म्हणून १९४८ ची आवृत्ती सार्वजनिक मालकीची, असं त्याने ठरवलं.

या एका निकालाने रेकॉर्ड आणि प्रकाशन व्यवसायात घबराट पसरली, कारण हाच न्याय लावला तर असंख्य जुनी गाणी हातची जाणार होती. १९९७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच दुरुस्त केला: १९७८ पूर्वी नुसती तबकडी विकली म्हणून तीवरची संगीतरचना प्रकाशित झाली असं धरायचं नाही.