पार्श्वभूमी : परांची कायद्यात यायला १९९६ का उजाडलं?

परांची कोसळली की बातमीत ‘ठेकेदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा’ एवढी एक ओळ येते. बांधकाम कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्याचं नाव क्वचितच निघतं. हा कायदा मुळात आलाच फार उशिरा.

१९४८च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना कुंपण आणि जिन्यांना कठडे सक्तीचे केले. पण बांधकामाची जागा ‘कारखान्या’च्या व्याख्येत बसत नव्हती. म्हणजे गिरणीच्या जिन्याला कठडा हवाच, आणि त्याच गिरणीची भिंत बांधताना उंचावरच्या फळीला नसला तरी चालेल!

माहिती नव्हती असंही नाही. परांच्यांसाठीचं भारतीय मानक, आयएस ३६९६, १९६६चं आहे. पण मानक पाळणं ऐच्छिक. साइटवर सगळी भिस्त बांबूवर, काथ्याच्या दोरीवर आणि गाठ मारणाऱ्याच्या हातावर. फळीच्या बाहेरच्या कडेला एक उभी पट्टी ठोकली की वीट किंवा थापी खाली कुणाच्या डोक्यात पडत नाही. तेवढी पट्टीही ठेकेदाराच्या मर्जीवर होती.

१९८२मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९३८च्या बालमजुरी कायद्याच्या परिशिष्टातही बांधकामाचा उल्लेख नाही, हे तिथे पुढे आलं. न्या. भगवती यांच्या पीठाने थेट राज्यघटनेच्या कलम २४चा (चौदा वर्षांखालच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी) आधार घेतला. त्यानंतर स्वतंत्र कायद्यासाठी मोहीम उभी राहिली आणि १९९६मध्ये ‘इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम’ झाला. १९९८च्या केंद्रीय नियमांत परांचीला स्वतंत्र प्रकरण मिळालं: जबाबदार माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय ती बांधायची नाही, बदलायची नाही, सोडवायचीही नाही. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं.

पुढचा भाग तर मासलेवाईक. या कायद्याबरोबर बांधकाम खर्चावर उपकर आला, तेव्हा वीजप्रकल्प उभारणाऱ्या काही कंपन्या म्हणू लागल्या की आमच्या साइटला कारखाने अधिनियम लागू आहे, हा कायदा नाही. प्रकल्पात उत्पादन सुरूच झालेलं नसताना तो कारखाना कसा, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये हा युक्तिवाद फेटाळला.

आता २०२०ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आणि १९९६चा कायदा तिच्यात सामावला गेला. किमान दहा कामगार असतील तरच कायदा लागू, ही अट मात्र कायम आहे. बंगल्याला रंग देणारी चार-पाच जणांची टोळी तेव्हाही या तरतुदींबाहेर होती, आजही आहे.