घटस्फोटानंतरचे ग्रीन कार्ड : दोन सह्यांच्या अटीची पार्श्वभूमी

दादर-पार्ल्याहून अमेरिकेत दिलेल्या मुलीचा संसार मोडू लागला की माहेरच्यांना पहिली धास्ती वाटते ती नवरा तिचे ग्रीन कार्ड ‘रद्द करून घेईल’ याची. तसा अधिकार नवऱ्याला नाही. परंतु या धास्तीमागे एका कायद्याचा इतिहास आहे.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, लग्नाच्या आधारे आलेल्या अर्जांपैकी सुमारे ३० टक्के संशयास्पद असावेत. ज्या पाहणीवर हा आकडा उभा होता ती शास्त्रीय नव्हती हे पुढे उघड झाले, पण तोवर नोव्हेंबर १९८६ मध्ये कायदा होऊन गेला होता. त्यानुसार कायम वास्तव्य (म्हणजेच ग्रीन कार्ड) मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे आणि सशर्त मिळते. ती अट काढण्यासाठी मुदतीच्या शेवटच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी दोघांच्या सह्यांनी आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाशी डिसेंबरात लग्न करून वर्ष-दीड वर्षात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातून व्हिसा मिळवणारी मुलगी नेमकी या अटीत सापडते.

एकट्याच्या सहीने अर्ज करण्याची सवलत मूळ कायद्यातही होती, पण ती विलक्षण कंजूष होती. देश सोडावा लागल्यास पराकोटीची हलाखी ओढवेल हे दाखवावे लागे, नाहीतर लग्न सचोटीने केलेले असून ते आपणच सबळ कारणाने संपवले हे सिद्ध करावे लागे. म्हणजे नवऱ्याने आधी दावा लावून घटस्फोट मिळवला की बायकोची ही दुसरी वाट बंद होई. सही त्याची, आणि दाराची कडीही त्याच्याच हातात. १९९० च्या दुरुस्तीने हा अन्याय दूर केला : घटस्फोट कोणी व का घेतला हा प्रश्न उरला नाही, लग्न खरे होते एवढे पुरे झाले. मारहाण व क्रूर छळ झालेल्यांसाठी वेगळी सवलतही त्याच वेळी आली. १९९४ च्या महिला हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित पत्नीला ग्रीन कार्डासाठी नवऱ्यावर अवलंबून न राहता स्वतःच अर्जदार होता आले.

घटस्फोटाच्या आधारावर सवलत मिळण्यासाठी अंतिम हुकूमनामा लागतो, आणि मुंबईशी गाठ पडते ती येथे. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीच्या अर्जालाही सहा महिन्यांची प्रतीक्षा असते. योग्य प्रकरणी ती माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. वादग्रस्त दावा मात्र वर्षानुवर्षे चालू शकतो. उलट, नवऱ्याने अमेरिकेत मिळवलेला हुकूमनामा तेथील कामाला चालला, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालामुळे तो भारतात आपोआप ग्राह्य धरला जात नाही.

ठरवून झालेल्या लग्नात आधीच्या ओळखीचा पुरावा फारसा नसतो. म्हणून लग्नपत्रिका आणि हॉलच्या पावतीपेक्षा संयुक्त बँकखाते, दोघांच्या नावचा भाडेकरार आणि एकत्र भरलेले करविवरण यांना अधिक वजन असते. घरखर्चाचे सारे व्यवहार नवऱ्याच्याच नावावर ठेवण्याची आपली रीत इथे महागात पडते. दहा वर्षांचे कार्ड आधीच हाती असेल, तर सचोटीने केलेले लग्न पुढे मोडले म्हणून ते जात नाही. मात्र नागरिकत्वासाठी तीन वर्षांऐवजी साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते.